शेवटची तीन पावलं

जरा जपून उतरा, पायऱ्या झिजल्या आहेत. आणि आवाज कुठून येतोय म्हणून मागेपुढे बघू नका. तुम्ही ज्याच्या पोटात उभे आहात तोच बोलतोय. मी भुयारी रेल्वेचं स्टेशन, गाडी बदलायचं. रस्त्यावरून चार जिने उतरलात की मी लागतो, आणि लागलो म्हणेपर्यंत तुम्ही पुढे गेलेले असता.

माझ्याकडे कोणी येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. बाकीच्या स्टेशनांचं बरं असतं. कुणाच्या डोक्यावर बाजार, कुणाच्या शेजारी शाळा, कुणाजवळ कचेऱ्या. लोक तिथं पोचतात. माझ्यात पोचत कोणीच नाही. जुन्या लाइनवरून उतरायचं, जोडबोगद्यातून पळायचं, नव्या लाइनवर चढायचं. संध्याकाळी तेच उलटं. रोज लाखभर माणसं मला तुडवतात आणि फोनवर घरी काय सांगतात? "बदलतोय, पोचतोच." बस, इतकीच माझी किंमत.

रागावलाय म्हाताऱ्यासारखा, असं म्हणाल. म्हणा. माझ्या जागी तुम्ही असता तर काय पेढे वाटले असते?

मी जन्माला आलो तेव्हा साधा होतो. एक लाइन, दोन फलाट, एक तिकीटखिडकी. एकवीस वर्षं तसाच सुखात काढली. मग शहर फुगलं आणि माझ्या खालून आडवी दुसरी लाइन टाकायचं ठरलं. ती टाकणारी कंपनी वेगळी. जुनी कंपनी वरून खोदत आली, नवी खालून. मध्ये दोघींनी भेटायचं आणि एक बोगदा जोडायचा, म्हणजे माणसांना इकडून तिकडे जाता येईल.

भिंत फुटली त्या दिवशी दोन्हीकडचे इंजिनिअर भोकातून हात घालून एकमेकांना भेटले. फोटो निघाले. फोटो झाल्यावर कुणीतरी टेप लावली, आणि मग सगळ्यांचे चेहरे उतरले. नव्यांची जमीन जुन्यांपेक्षा दोन फूट खाली होती. एकांनी खोली मोजली होती वरच्या रस्त्यापासून, दुसऱ्यांनी नदीच्या पाण्यापासून. कागद काढले तर दोघांचंही माप बरोबर. चूक कुणाचीच नाही, फक्त मध्ये दोन फुटांचा खड्डा.

मग त्या दोन फुटांवर चार पायऱ्या बांधल्या, आणि उजव्या भिंतीला सामानाची ढकलगाडी जाईल इतकाच अरुंद उतार केला. पायऱ्यांच्या तीन पावलं अलीकडे जमिनीत एक पितळेची पट्टी आडवी ठोकली. पट्टीच्या अलीकडे जुन्या कंपनीची हद्द, पलीकडे नव्या कंपनीची. दिवे, धूळ, पाणी, माणसं, सगळ्यांची वाटणी त्या चार बोटांच्या पट्टीवर झाली.

ही वाटणी किती मनावर घ्यावी माणसांनी! एकदा छतातून पाणी ठिबकायला लागलं, ते नेमकं पट्टीवर. सहा महिने दोन्हीकडचे साहेब येऊन वर बघून गेले. पाणी तुमच्या खडकातलं, असं दोघांनीही एकमेकांना लेखी कळवलं. शेवटी एका झाडूवालीनं आपली बादली आणून ठेवली, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. तेवढी एक बादली माझ्या जन्मात दोन्ही कंपन्यांची सामाईक झाली.

त्या झाडूवालीला सगळे मावशी म्हणत. जुन्या कंपनीकडून ती बोगदा पुसायची. तिचा नवरा याच बोगद्याच्या खोदकामात होता. माझी धूळ त्याच्या छातीत बसली ती निघालीच नाही. तो गेल्यावर त्याच्या जागी हिला घेतलं, आणि नवऱ्यानं जिथं दगड फोडला तिथली फरशी ती एकोणीस वर्षं पुसत राहिली. मला ती कधी वाईट बोलली नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

दोन्हीकडचे पुसणारे पट्टीच्या अलीकडेच थांबायचे. हद्द ओलांडून फडकं नेलं तर मुकादम कान धरायचा. त्यामुळं पितळेवर कायम काळा थर असायचा. मावशी सुट्टी व्हायच्या आधी आपल्या पिशवीतलं घरचं फडकं काढून ती पट्टी घासायची. कुणी हसलं तर म्हणायची, "ही कुणाचीच नाही ना, म्हणून."

आता खरी गोष्ट ऐका. तुमची गाडी चुकेल म्हणता? दुसरी चार मिनिटांनी येते. इतकी वर्षं मी तुम्हाला थांबवलेलं नाही, आज थांबा.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी जमिनीत पिवळ्या फरशीची एक ओळ असते, ती तुम्ही पाहिली असेल. पाहिली कसली, तिच्यावर बॅगा ठेवता तुम्ही. उभ्या रेघांची फरशी काठीला लागली की समजायचं, चालत राहा. गोल ठिपक्यांची लागली की थांब, पुढं काहीतरी आहे. कायदा आला आणि दोन्ही कंपन्यांना ही ओळ बसवावी लागली. दोघींच्या नकाशात एकच वाक्य होतं, की ओळ डाव्या भिंतीलगत टाकावी. जुन्यांनी आपल्या फलाटाकडे पाठ करून डावी बाजू धरली. नव्यांनी त्यांच्या फलाटाकडे पाठ करून डावी बाजू धरली. समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोघांची डावी बाजू एक असते का हो? पण तो प्रश्न कुणाला पडला नाही, कारण पट्टीच्या पलीकडे बघायची कुणाला सवयच नव्हती.

झालं असं, की जुनी ओळ एका भिंतीनं पितळेपर्यंत यायची आणि संपायची. नवी ओळ पलीकडच्या भिंतीनं, उतारावरून, पुढं निघून जायची. मध्ये पंधरा फूट नुसती गुळगुळीत फरशी आणि चार पायऱ्या. पायऱ्यांच्या आधी ठिपक्यांची फरशी हवी होती. ती कुणी बसवायची यावर चौदा पत्रं झाली. फरशी काही बसली नाही.

पाच वर्षांपूर्वी एक ऑपरेटर या वाटेनं यायला लागला. म्हणजे हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसणारा माणूस. जन्मापासून आंधळा. हॉस्पिटल नव्या इमारतीत गेलं, तेव्हापासून त्याला माझ्यात गाडी बदलावी लागायची. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, खिशात कंगवा, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याचा अर्धा आजार बरा व्हावा. एकदा ऐकलेला आवाज तो विसरायचा नाही. तिकीट तपासणाऱ्याला सर्दी झालेली त्याला नुसत्या 'पास' या शब्दावरून कळायची.

पहिल्या दिवशी तो डाव्या भिंतीनं आला आणि पितळेपाशी काठी घोटाळली. तिथं उभा राहून तो जमीन चाचपत राहिला. तुम्ही सगळे त्याला वळसा घालून जात होतात. रागावू नका, मी मोजत होतो. मावशी फडकं पिळत होती, तिला त्यानं विचारलं, की इथली ओळ कुठं गेली. मावशीनं मान वर करून पाहिलं. इतक्या वर्षांत तिच्याही लक्षात आलं नव्हतं.

"दादा, ती पलीकडच्या भिंतीला गेलीय," ती म्हणाली.

तो हसला. "मला न विचारता?"

त्या दिवशी तिनं त्याला हाताला धरून पलीकडे नेलं. दुसऱ्या दिवशीही. पण तिची पाळी रोज सकाळची नसायची, आणि बोगदाही लांबलचक. ती दुसऱ्या टोकाला असली की तो उभा. मग तिनं रीतसर स्टेशन मास्तरांना सांगितलं. मास्तर सज्जन माणूस, निवृत्तीला थोडी वर्षं उरलेला. त्यांनी पत्र लिहिलं. नव्या कंपनीचं उत्तर आलं, की आमची ओळ नकाशाप्रमाणे आहे. मास्तरांनी आपला नकाशा पाहिला, तर आपलीही ओळ नकाशाप्रमाणेच होती. त्यांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून फाईल बांधली.

मावशीला फाईल बांधता येत नव्हती, पण दोरी वळता येत होती. फरशी पुसायच्या मॉपचे सुती दोरे झिजले की फेकून देतात. ते तिनं साठवले आणि जेवणाच्या सुट्टीत पिळून पिळून बोटाएवढी जाड दोरी केली. वायरमनकडून काळी चिकटपट्टी मागून आणली. एका दुपारी, गर्दी ओसरली तेव्हा, गुडघ्यावर बसून तिनं ती दोरी जमिनीला चिकटवली. डाव्या भिंतीच्या ओळीपासून निघून तिरकी, पितळ ओलांडून, थेट उजव्या उताराच्या तोंडापर्यंत. मोजून दहा पावलं. सात आमच्या हद्दीत, तीन त्यांच्या. शेवटच्या तीन पावलांसाठी पट्टी ओलांडताना तिनं इकडेतिकडे पाहिलं होतं. चोरी करणाऱ्यासारखी घाबरली होती बिचारी.

सकाळी ऑपरेटर आला तेव्हा ती भिंतीशी उभी राहून बघत होती. त्याच्या काठीला दोरी लागली. तो थांबला. काठी पुन्हा फिरवली. मग त्या उंचवट्यावरून काठी सरकवत सरकवत निघाला, आणि उतारावर नवी ओळ लागली तेव्हा मागं वळून म्हणाला, "मावशी, तुम्हीच ना?"

"हळू बोला," ती म्हणाली. "कोणाला सांगू नका हं दादा. पलीकडे जायची मला परवानगी नाही."

चार वर्षं तो त्या दोरीवरून गेला. चार वर्षं ती दर दोन महिन्यांनी दोरी बदलत राहिली, कारण तुमच्या चपलांखाली चिकटपट्टी फाटायची. तो जाताना म्हणायचा, "मावशी, आपण दोघं एकाच खात्यातले. मी इकडची लाइन तिकडे जोडतो, तुम्हीही तेच करता." ती लाजायची आणि फडकं जोरात फिरवायची. खरं सांगतो, तेवढी चार वर्षं मलाही वाटत होतं की मी काहीतरी उपयोगाचा आहे.

मग बक्षिसाची टूम निघाली. अंध-अपंगांना सगळ्यांत सोयीचं स्टेशन कुठलं, ते ठरवायला एक समिती येणार होती. दोन्ही कंपन्यांच्या अंगात आलं. भिंती रंगल्या, दिवे बदलले, व्हीलचेअरवर नवं रेक्झिन चढलं. नव्या कंपनीच्या मॅनेजरनं हुकूम काढला, की आपल्या हद्दीत जे नकाशात नाही ते सगळं काढून टाका. आदल्या दिवशी दुपारी त्यांचा माणूस पत्र्याची पट्टी घेऊन आला आणि जमीन खरवडायला लागला. जाहिराती, च्युइंगम, आणि मावशीची दोरी.

कामाला मात्र वाघ होता हो तो. पलीकडची तीन पावलं त्यानं इतकी स्वच्छ खरवडली की चिकटपट्टीचा डागही ठेवला नाही. आणि पितळेशी आल्यावर पत्र्यानं दोरी कापली आणि थांबला. पुढचं त्याच्या हद्दीत नव्हतं.

सगळी काढली असती तरी चाललं असतं. ऑपरेटरला भिंतीशीच कळलं असतं की आज दोरी नाही, त्यानं तिथंच थांबून हाक मारली असती. सगळी ठेवली असती तर प्रश्नच नव्हता. पण सात पावलं ठेवून तीन काढायची, हे फक्त माझ्याकडेच होऊ शकतं. मावशीची त्या दुपारी सुट्टी होती. आणि मी, मला सगळं दिसत होतं, पण मी काय करणार? माझी घोषणासुद्धा दुसरा कुणीतरी बटण दाबून करतो.

सकाळी आठ वीसला तो आला. खुशीत होता, काहीतरी गुणगुणत होता. भिंत सोडून दोरीवर आला, सात पावलं चालला, आणि बोगद्याच्या मधोमध दोरी संपली. तो उभा राहिला. काठी डावीकडे नेली, उजवीकडे नेली, वाकून जमीन चाचपली. मागून दोन गाड्यांची माणसं एकदम आली होती. कुणी म्हणालं, "अहो, मध्येच काय उभे राहता?" कुणाचा तरी पाय काठीवर पडला, काठी सुटली. कुणाची तरी बॅग पाठीला लागली. तो एक पाऊल पुढे गेला, दुसरं गेला, तिसरं गेला, आणि चौथ्याला खाली जमीन नव्हती.

चार पायऱ्याच त्या. पण मांडीचं हाड मोडायला चार पुरतात. कपाळही फुटलं.

आमचा रखवालदार पितळेपर्यंत धावत आला आणि तिथं थांबला. माणूस नव्यांच्या हद्दीत पडला होता. त्यानं वायरलेसवरून नव्यांना कळवलं. नव्यांचा रखवालदार खालच्या फलाटावर होता. मावशी नुकतीच कामावर आली होती. तिनं मॉप टाकला, पट्टी ओलांडली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याच्या कपाळाला तिनं लावलं ते पितळ घासायचं घरचं फडकं होतं. नव्यांचा मुकादम आला तो तिला म्हणाला, तुम्ही इकडे कशा?

दहाच्या आत पायऱ्या धुऊन निघाल्या. अकराला समिती आली. अध्यक्षांनी फोटोसाठी डोळे मिटून पिवळ्या ओळीवरून चालून दाखवलं, फलाटाजवळच्या सरळ भागात. टाळ्या झाल्या. बक्षीस मलाच मिळालं. काचेची पाटी आहे, पायऱ्यांच्या वरच लावलीय. येता-जाता बघा कधी.

पण माणूस हॉस्पिटलात काम करणारा होता, तिथल्या डॉक्टरांनी आवाज उठवला, म्हणून चौकशी बसवावी लागली. माझ्या तिकीटखिडकीमागं एक खोली आहे, तिथं पहिल्यांदाच दोन्ही कंपन्या एका टेबलाला बसल्या. दोरी कुणी लावली हा मोठा प्रश्न होता. मास्तरांना सगळं ठाऊक होतं. चार वर्षं ते त्या दोरीवरून पाय उचलून जात होते. पण निवृत्तीला दोन महिने राहिलेले. त्यांनी कानावर हात ठेवले. वायरमनलाही काही आठवेना. मावशीला विचारलंच नाही कुणी, झाडूवालीला काय विचारायचं? दोरी बेवारस ठरत होती. आणखी एक बैठक झाली असती तर प्रकरण मिटलं असतं.

दीड महिन्यानं ऑपरेटरची बायको त्याला व्हीलचेअरवर घेऊन आली. तो बारीक झाला होता, पण शर्ट इस्त्रीचा होता. साहेबांनी विचारलं, की तुम्ही कशाच्या आधारानं चालत होतात.

"दोरीच्या."

"ती कुणी लावली, काही कल्पना?"

मी श्वास रोखला. हसू नका, माझे पंखे त्या वेळी खरंच बंद पडले होते. विजेचं काहीतरी झालं असेल.

त्याच्या चेहऱ्यावर पडल्यापासून पहिल्यांदा हसू आलं. "मावशींनी," तो म्हणाला. "त्यांनी मला कुणाला सांगू नका म्हटलं होतं. पण साहेब, असं काम करणाऱ्याचं नाव झालंच पाहिजे. चार वर्षं त्या बाईनं माझ्यासाठी दोरी वळली. हद्दीबिद्दीचा विचार केला नाही. त्यांचं नाव नीट लिहून घ्या."

साहेबांनी नीट लिहून घेतलं.

अहवालात काय आलं ते सांगायला नको, पण सांगतो. अपघाताचं कारण, प्रवाशांच्या मार्गात विनापरवानगी चिकटवलेली वस्तू. जबाबदार व्यक्ती, झाडूवाली. शिवाय अपघाताच्या वेळी कामाची जागा सोडून दुसऱ्या हद्दीत प्रवेश. तीन पावलं खरवडणाऱ्यानं नकाशाप्रमाणे काम केलं होतं, म्हणून त्याचा उल्लेखही नाही. दोन डाव्या बाजूंचा तर नाहीच नाही. सगळं खापर एका बाईच्या डोक्यावर फोडून दोन्ही कंपन्यांनी सह्या केल्या. माझ्या जन्मापासून त्या दोघींचं एकमत झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

शेवटच्या दिवशी मावशीनं निळा कोट, कपाटाची किल्ली आणि मॉप जमा केला. मास्तरांना तोंड वर करवेना. तिनं एवढंच विचारलं, "दादा बरे आहेत ना?" मास्तर म्हणाले, बरे आहेत. मग ती बोगद्यातून एकदा पितळेपर्यंत गेली. फडकं नव्हतं तिच्याकडे, ते रक्तात गेलं होतं. पदरानं पुसली तिनं पट्टी. एकोणीस वर्षं आणि वर नवऱ्याची छाती, एवढं माझ्यावर टाकून ती जिना चढून गेली. उरलेली सात पावलं दोरी दुसऱ्या दिवशी आमच्याच माणसानं काढली.

पाच महिन्यांनी ऑपरेटर परत कामाला जाऊ लागला. थोडा लंगडत, काठी घट्ट धरून. पूर्वी दोरी जिथून निघायची तिथं येऊन उभा राहायचा. आता बोगदा मशीननं पुसतात. मशीनवाल्याला त्यानं मावशींचं विचारलं. मशीनवाला कंत्राटाचा, त्याला कसली मावशी माहीत? कटकट नको म्हणून त्यानं सांगून टाकलं, की त्यांना वर ऑफिसात घेतलंय.

ऑपरेटरचा चेहरा जो फुलला म्हणता! त्याला वाटलं, आपल्या शब्दाचा उपयोग झाला. तेव्हापासून जो कोणी त्याला हात देईल त्याला तो ही हकिकत सांगतो. इथं एक मावशी होत्या, मी साहेबांना नाव सांगितलं, बढती मिळाली त्यांना. ऐकणारा 'हो का' म्हणतो आणि घड्याळ बघतो. मी नुसता ऐकतो. सांगा, कसं सांगू त्याला? तोंड उघडावं तर माझ्या तोंडातून फक्त गाड्यांच्या वेळा निघतात.

गेल्या महिन्यात मावशी आली. तिकीट काढून आली, प्रवासी म्हणून. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला कुठल्याशा गोदामात झाडायला जाते, तिलाही माझ्यात गाडी बदलावी लागते. केस पांढरे झालेत. मान खाली घालून भिंतीच्या कडेनं चालली होती. आणि दोरी जिथून निघायची तिथं तो उभा होता, काठी पुढं करून, कुणीतरी हात देईल म्हणून.

ती थबकली. परत फिरेल असं मला वाटलं. फिरली असती तर मी तिला बोल लावला नसता, तिचं सगळं त्या माणसाच्या एका वाक्यानं गेलं होतं. ती बराच वेळ उभी राहिली. एक गाडी गेली तिची. मग पुढं झाली आणि तिनं त्याच्या कोपराला हात लावला.

"धन्यवाद हं," तो म्हणाला. "मला उतारापर्यंत सोडलंत तरी पुरे."

ती बोलली नाही. एक शब्द जरी काढला असता तर त्यानं तिला ओळखलं असतं, आणि मग त्यानं विचारलं असतं, की इतके दिवस होतात कुठं. ती त्याला घेऊन चालू लागली. तिरकी. जिथं दोरी होती, बरोबर तिथून.

"इथं पूर्वी एक मावशी होत्या," तो सांगायला लागला. "त्यांनी माझ्यासाठी..." आणि त्यानं सगळं सांगितलं, दोरी, चौकशी, साहेब, बढती. सात पावलं झाली. पितळ आलं. तिचा पाय तिथं क्षणभर अडला, जुन्या सवयीनं. मग तिनं ती ओलांडली. आठ, नऊ, दहा. काठीला उताराची ओळ लागली.

"फार चांगल्या होत्या," तो म्हणाला. "तुम्ही कधी भेटलात तर माझा नमस्कार सांगा."

तिनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला, दाबला आणि सोडून दिला. तो क्षणभर तसाच उभा राहिला, मान वाकडी करून, कुठला तरी आवाज ऐकायचा राहिल्यासारखा. ती तोवर पायऱ्यांनी उतरून गर्दीत गेली होती. तेव्हापासून ती वेळ बदलून येते. साडेसातच्या आत जाते, तो येण्यापूर्वी.

झालं माझं सांगून. तुमची गाडी येतेय, वाऱ्याचा झोत लागला असेल तोंडावर. माझं काही मागणं नाही तुमच्याकडे. पाटी आहे, दिवे आहेत, गळती अजून नेमकी पट्टीवरच ठिबकतेय. डाव्या बाजू अजून दोनच आहेत, त्या मी हयातीत जुळलेल्या बघेन असं वाटत नाही.

फक्त एक करा. सकाळी आठ वीसला तुमची त्याची गाठ पडली तर त्याला मावशीचं काही सांगू नका. त्याला जे वाटतंय ते वाटू द्या, तिनंच तसं ठरवलंय. त्याच्या कोपराला हात लावा आणि पलीकडे न्या. आणि सरळ नेऊ नका, पुढं पायऱ्या आहेत. तिरकं न्या. दहा पावलं. त्याच्या पायांना अजून तीच वाट पाठ आहे.